माफीच्या बोलीवर आलेले शिपाई

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी आमच्या कांजूरमार्गच्या घरी पुतण्या मुक्कामाला होता. सकाळची मिस्सा झाली, जेवणे झाली, बाहेर पावसाने झोडपून काढले होते. अशा दुपारी दूरदर्शन संचासमोर बसण्यावाचून दुसरे काय सुचणार? पडद्यावर जुना इंग्रजी युद्धपट लागला होता. 'द डर्टी डझन : नेक्स्ट मिशन' हे त्याचे नाव. १९६७ साली रॉबर्ट ऑल्ड्रिच या दिग्दर्शकाने 'द डर्टी डझन' हा चित्रपट काढला आणि तो गाजला. पुढे १९८५ साली अमेरिकेतील दूरचित्रवाणीसाठी त्याचा हा पुढचा भाग तयार करण्यात आला. लष्करी तुरुंगातील बारा गुन्हेगारांना एक मेजर बाहेर काढतो, त्यांना शिकवून तयार करतो आणि शत्रूच्या मुलखात अशा कामगिरीवर घेऊन जातो, की तेथून जिवंत परतण्याची आशा जवळजवळ नाहीच. परतलात तर शिक्षा माफ, मेलात तर प्रश्नच मिटला. असा हा सौदा.

चित्रपट संपला तसे पुतण्याने विचारले, "काका, असे खरेच कधी झाले होते का? कैद्यांना कोणी बंदुका देईल?"

आम्ही सहज उत्तर देऊन मोकळे झालो, की ही सारी पडद्यावरची कथा आहे. ते उत्तर अर्धेच खरे होते. ई. एम. नॅथनसन यांच्या १९६५ सालच्या ज्या कादंबरीवरून मूळ चित्रपट निघाला, तिच्यातील बारा जणांची तुकडी अमेरिकन सैन्यात होती असा पुरावा कोणाला मिळालेला नाही. 'फिल्दी थर्टीन' नावाने ओळखली जाणारी हवाई छत्रीधारी सैनिकांची एक तुकडी होती खरी. परंतु ते अस्वच्छ आणि बेशिस्त म्हणून गाजलेले सैनिक होते, कैदी नव्हेत. तेवढ्यावरून हा विषय निव्वळ कल्पनेचा ठरत नाही. रात्री दिवा मालवल्यावर आमच्या लक्षात आले, की पुतण्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर अमेरिकेत किंवा जर्मनीत शोधण्याचे कारणच नव्हते. ते आपल्या दारात होते. ज्या साष्टी बेटावर कांजूर, भांडुप आणि विक्रोळी ही गावे वसली, त्या बेटावर दोनशे वर्षे ज्यांची सत्ता होती, त्या पोर्तुगीजांनी तर आपल्या साम्राज्याचा पायाच अशा माणसांच्या खांद्यावर रचला होता.

त्या माणसांना पोर्तुगीज भाषेत 'देग्रेदादो' म्हणत. देग्रेदादो म्हणजे न्यायालयाने गुन्ह्याची शिक्षा म्हणून देशाबाहेर धाडलेला माणूस, आपल्या भाषेत हद्दपार. चोरी, मारामारी, खून, खोटी नाणी पाडणे, व्यभिचार अशा अनेक गुन्ह्यांसाठी ही शिक्षा होती. १६०३ साली अमलात आलेल्या पोर्तुगीज कायद्याच्या संहितेचा पाचवा भाग सर्वस्वी गुन्हे आणि शिक्षा यांनाच वाहिलेला होता, आणि त्यात हद्दपारीचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. गुन्हा किरकोळ असेल तर देशातल्याच एखाद्या सरहद्दीवरच्या गावी राहायचे. त्याहून मोठा असेल तर आफ्रिका, ब्राझील किंवा हिंदुस्थान. पोर्तुगाल हा लहान देश, त्याची लोकसंख्या तुटपुंजी आणि साम्राज्य मात्र अर्ध्या जगावर पसरलेले. एवढ्या किल्ल्यांना आणि गलबतांना माणसे आणायची कोठून? ज्याला फाशी द्यावी किंवा कोठडीत कुजवावे, त्यालाच शिपाई करून पाठविले तर राज्याचे दोन्ही हेतू साधतात, असा तो रोकडा हिशेब होता. लिस्बनच्या लिमोएरो तुरुंगातून बेड्या घातलेले कैदी गलबतावर चढविले जात आणि वसंत ऋतूत निघालेली ती गलबते सुमारे सहा महिन्यांनी गोव्याच्या बंदराला लागत. वाटेत रक्तपितीने आणि तापाने किती जण समुद्रात जात, ते समुद्रालाच ठाऊक.

या पद्धतीचा आरंभ अगदी पहिल्या सफरीपासून झालेला दिसतो. ८ जुलै १४९७ रोजी वास्को द गामा लिस्बनहून निघाला तेव्हा त्याने दहा-बारा शिक्षा झालेले कैदी बरोबर घेतले होते. त्यांचे काम काय? अनोळखी किनाऱ्यावर प्रथम उतरायचे. तेथील लोक मित्र की शत्रू, ते बाण मारतात की पाणी देतात, हे पाहण्यासाठी सरदाराचा जीव धोक्यात घालणे परवडणारे नव्हते. कैद्याचा जीव तर आधीच कायद्याने गहाण पडलेला. २० मे १४९८ रोजी गलबते कालिकतजवळ नांगरली आणि दुसऱ्या दिवशी गामाने अशाच एका कैद्याला किनाऱ्यावर पाठविले. पुढच्या इतिवृत्तांतून त्याचे नाव जुआंव नुनिस असे येते. तो ज्यू धर्मातून ख्रिस्ती झालेला होता, आणि त्याला अरबी भाषा येत असे असे सांगतात. किनाऱ्यावर त्याची गाठ ट्युनिसच्या दोन मुसलमान व्यापाऱ्यांशी पडली. ते स्पॅनिश भाषेत बोलले आणि एवढ्या लांब कसे काय आलात, असे त्यांनी काहीशा त्राग्याने विचारले. ख्रिस्ती लोकांच्या आणि मसाल्यांच्या शोधात आलो, या आशयाचे त्याने दिलेले उत्तर इतिहासात अमर झाले. शाळेच्या पुस्तकात आपण वाचतो, की वास्को द गामा हिंदुस्थानच्या भूमीवर उतरला. खरे पाहता त्या ताफ्यातून या भूमीवर पहिले पाऊल ठेवले ते एका कैद्याने.

दोनच वर्षांनी, ९ मार्च १५०० रोजी, पेद्रु आल्वारिश काब्राल तेरा गलबते घेऊन निघाला. वाटेत ब्राझीलचा किनारा लागला. तेथून पुढे निघताना त्याने दोन कैद्यांना किनाऱ्यावर सोडले. स्थानिक लोकांत राहा, त्यांची भाषा शिका, पुढे आमचे कोणी येईल तेव्हा उपयोगी पडा, असा त्यांना हुकूम होता. त्या सफरीच्या वृत्तान्तात एक हकिकत आहे, ती आम्हांला विसरता येत नाही. गलबते शिडे उभारून निघाली तसे ते दोघे रडू लागले, आणि ज्या लोकांना युरोप रानटी म्हणत होता, त्याच लोकांनी जवळ येऊन त्यांचे सांत्वन केले. राजाने टाकलेल्या माणसाला परक्याने जवळ घेतले.

त्याच काब्रालने पूर्व आफ्रिकेच्या मालिंदी बंदरात आणखी दोन कैदी उतरविले, जुआंव माशादो आणि लुईश द मोरा. त्यांची कामगिरी तर विलक्षणच होती. आफ्रिकेच्या अंतर्भागात कोठेतरी प्रेस्टर जॉन नावाचा ख्रिस्ती राजा राज्य करतो अशी तेव्हा युरोपात दृढ समजूत होती. त्याचा शोध पायी चालत जाऊन लावायचा. नकाशा नाही, सोबत नाही, भाषा नाही. दूरदर्शनवरच्या मेजरने तरी आपल्या माणसांना चार दिवस शिकविले होते.

माशादो प्रेस्टर जॉनपर्यंत पोहोचला नाही. तो पोहोचला आपल्या कोकणात. भटकत भटकत हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागून त्याने विजापूरच्या आदिलशहाच्या फौजेत चाकरी धरली आणि तेथे तो मोठ्या पदाला चढला. १५१० साली अफोंसो द अल्बुकर्कने गोवा घेतले आणि काही महिन्यांतच आदिलशहाने त्याला हुसकावून लावले, तेव्हा विजापूरकरांच्या वतीने पोर्तुगीजांशी बोलणी करायला जो दूत आला, तो हाच माशादो होता. दहा वर्षांपूर्वी ज्यांनी त्याला परक्या किनाऱ्यावर टाकून दिले, त्यांच्यासमोर तो आता शत्रूचा सरदार म्हणून उभा होता. त्या क्षणी त्याच्या मनात काय आले असेल?

२५ नोव्हेंबर १५१० रोजी, संत कॅथरीनच्या सणादिवशी, अल्बुकर्कने गोवा पुन्हा जिंकले. पुढे विजापूरच्या फौजेने शहराला वेढा घातला असता माशादो काही पोर्तुगीज बंदिवानांना घेऊन स्वकीयांकडे परतला. वेढ्यात अडकलेल्यांना त्याने मोठा धीर दिला आणि पुढे त्याला गोव्यात अधिकाराची जागा मिळाली. हद्दपारीची शिक्षा पुसली गेली. परंतु या परतण्याची जी किंमत इतिवृत्तकार सांगतात, ती वाचून अंगावर काटा येतो. विजापूरच्या चाकरीत असताना एका मुसलमान स्त्रीपासून त्याला दोन मुले झाली होती आणि त्याने गुप्तपणे त्यांचा स्नानसंस्कार केला होता. त्यांना बरोबर आणता येईना आणि मागे ठेवली तर ती ख्रिस्ती राहणार नाहीत, या विचाराने त्याने निघण्यापूर्वी ती दोन्ही लेकरे आपल्या हाताने मारली, असे ते लिहितात. काही जुन्या लेखकांनी ही गोष्ट श्रद्धेचे उदाहरण म्हणून लिहिली. आम्हांला तसे म्हणवत नाही. स्नानसंस्कार जीव देण्यासाठी असतो, घेण्यासाठी नव्हे. आणि तरीही त्या बापाला न्यायासनासमोर उभे करताना एक गोष्ट विसरता येत नाही. ज्याचा स्वतःचा जीव राज्याने कवडीमोल ठरविला होता, त्याला दुसऱ्याच्या जिवाचे मोल कोणी शिकवायचे होते?

याच वेढ्यातली दुसरी एक कहाणी सोबतच वाचावी अशी आहे. पोर्तुगीजांतून फुटून विजापूरकरांना मिळालेले काही शिपाई १५१२ साली अल्बुकर्कच्या हाती लागले. जीव घेणार नाही असे वचन दिलेले होते, आणि ते त्याने अक्षरशः पाळले. जीव घेतला नाही. नाक, कान, उजवा हात आणि डाव्या हाताचा अंगठा तेवढा कापला. त्यांतला फर्नांव लोपिश नावाचा शिपाई पुढे स्वदेशी निघाला. पण तोंड दाखविण्याची लाज वाटून वाटेतल्या सेंट हेलेना या निर्जन बेटावर उतरला आणि एकटाच राहिला. त्याने तेथे झाडे लावली, जनावरे पाळली, आणि येणाऱ्याजाणाऱ्या गलबतांतील आजारी माणसांना त्या बेटाचा आधार झाला. कित्येक वर्षांनी त्याला रोमला नेण्यात आले. पोपमहाशयांनी त्याला पापमुक्ती दिली आणि हवे ते माग म्हटले. त्याने मागितले ते एवढेच, की मला माझ्या बेटावर परत जाऊ द्या. क्षमा मिळाली, पण माणसांत राहण्याचे बळ परत मिळाले नाही.

हद्दपारीच्या आणि माफीच्या या बाजारात सारेच अनामिक नव्हते. पोर्तुगालचा महाकवी लुईश द कामोंइश याच वाटेने हिंदुस्थानात आला, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. १५५२ साली, ख्रिस्तशरीराच्या सणादिवशी, लिस्बनच्या रस्त्यात एक मारामारी झाली आणि कामोंइशने राजाच्या एका सेवकाला तलवारीने जखमी केले. त्याची रवानगी तुरुंगात झाली. ७ मार्च १५५३ रोजी राजाने त्याला माफीपत्र दिले. ते पत्र आजही उपलब्ध आहे. त्यात दोन गोष्टी नमूद आहेत. पहिली, जखमी झालेल्या माणसाने स्वतः त्याला क्षमा केली आहे. दुसरी, हा तरुण गरीब असून यंदा हिंदुस्थानात चाकरीला जात आहे. दंडाची थोडी रक्कम धर्मकार्यासाठी भरायला लावून त्याला सोडण्यात आले आणि थोड्याच दिवसांत तो गलबतावर चढला. सप्टेंबर १५५३ मध्ये तो गोव्यात उतरला, ते साधा शिपाई म्हणून. मलबार, तांबडा समुद्र अशा मोहिमांत तो लढला. सुमारे सतरा वर्षे पूर्वेकडे काढून परतताना तो मोझांबिकमध्ये इतका कफल्लक झाला होता, की पुढच्या प्रवासाचे भाडे मित्रांनी भरले. गोव्याचा इतिहासकार दियोगु द कोउतु याने ती अवस्था स्वतः पाहून लिहून ठेवली आहे. १५७२ साली त्याचे महाकाव्य प्रसिद्ध झाले. १० जून १५८० रोजी तो वारला, आणि आज पोर्तुगाल आपला राष्ट्रीय दिन त्याच्याच पुण्यतिथीला साजरा करतो. जुन्या गोव्याच्या पुराणवस्तुसंग्रहालयात त्याचा भव्य पुतळा उभा आहे. तेथे जाणाऱ्या वाचकाने एकदा आठवावे, की हा माणूस येथे माफीच्या बोलीवर आला होता.

त्या माफीपत्रातली पहिली गोष्ट आम्हांला दुसरीपेक्षा मोठी वाटते. पोर्तुगीज रीतीप्रमाणे राजाच्या माफीआधी, ज्याचा अपराध केला त्याची क्षमा मिळवावी लागे. राजा फक्त शिक्षा माफ करू शकतो; जखमेची माफी जखमी झालेलाच देऊ शकतो. युद्धपटात ही गोष्ट कोठेच दिसत नाही. तेथे बारा जण शत्रूला मारून आपला हिशेब चुकता करतात. ज्यांचा त्यांनी मूळ अपराध केला, ते लोक पडद्यावर येतच नाहीत.

गोव्यात आल्यावर या शिपायांचे जिणे कसे होते? १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेला डच गृहस्थ लिन्सकोटेन आणि १६०८च्या सुमारास तेथे आलेला फ्रेंच प्रवासी पिरार या दोघांनी त्याची चित्रे रेखाटली आहेत. मोहिमेचे दिवस असले तर पगार, पावसाळा आला की उपास. दहा-बारा शिपाई एका घरात राहत आणि चांगल्या कपड्यांचा एखाददुसरा जोड सर्वांत मिळून असे. ज्याची पाळी येई तो नटून सरदारी थाटात रस्त्यावर फिरे आणि बाकीचे घरात बसत. आशा अंतरीप ओलांडले, की लिस्बनचा हमाल आपल्या नावामागे 'दों' लावून खानदानी होई, अशी तेव्हा थट्टा होती. कोणी मठाच्या दारी जेवत, कोणी सरदाराच्या पंगतीला बसत आणि त्याच्या भांडणात तलवार चालवत. गुन्हा मागे टाकून आलेल्या माणसाला नव्या गुन्ह्याशिवाय दुसरा धंदा उरू नये, अशीच ती व्यवस्था होती.

या अंधारात दिवे नव्हते असे नाही. ज्या १४९८ साली गामा कालिकतला पोहोचला, त्याच साली लिस्बनमध्ये राणी लिओनोरच्या पुढाकाराने 'मिझेरिकोर्दिया' म्हणजे दयाबंधुत्वाची संस्था स्थापन झाली. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र आणि बंदिवानाची सुटका ही दयेची कृत्ये हेच तिचे काम. पुढे गोव्यात, आणि आपल्या वसईतही, तिच्या शाखा निघाल्या. कैद्यांना जेवण पोहोचविणे, फाशी जाणाऱ्याबरोबर शेवटपर्यंत चालणे, हे त्या सभासदांचे व्रत असे. ६ मे १५४२ रोजी संत फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले तेव्हा ते इस्पितळात राहिले आणि रुग्णसेवेबरोबर तुरुंगात जाऊन कैद्यांची पापनिवेदने ऐकू लागले, हे त्यांच्याच पत्रांतून कळते. ज्या गलबतांनी बेड्या आणल्या, त्याच गलबतांतून ही दयाही आली. इतिहास असा गुंतागुंतीचा असतो आणि आपल्याला त्यातला एकच धागा ओढून काढता येत नाही.

आता आपल्या साष्टीकडे येऊ. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई, साष्टी आणि मुंबईची बेटे पोर्तुगीजांना दिली. गावे सरदारांना आणि चाकरी केलेल्या शिपायांना ठरावीक खंडावर मिळू लागली. त्या खंडाला ते 'फोर' म्हणत, आणि मुंबईच्या फोरास रोडच्या नावात तो शब्द अजून जिवंत आहे. गाव ज्याला मिळे त्याने घोडा आणि हत्यार बाळगून वेळप्रसंगी लढायला जायचे, अशी अट असे. फ्रान्सिस्कन आणि जेझुइट धर्मगुरूंनी धर्मप्रसार केला. कोळी, कुणबी, भंडारी, सामवेदी ब्राह्मण अशा अनेक समाजांतील कुटुंबे ख्रिस्ती झाली. स्नानसंस्काराच्या वेळी धर्मपित्याचे आडनाव घेण्याची रीत होती, आणि अशा प्रकारे आपल्या घरांत परेरा, डिसोजा, गोन्साल्विस ही नावे आली.

येथे एक कानकोंडा प्रश्न उभा राहतो आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आपल्या लोकांना कित्येकदा टोमणा ऐकावा लागतो, की तुम्ही पोर्तुगीजांच्या शिपायांची पोरे. इतिहास तसे म्हणत नाही. आपल्या लोकांची भाषा, लुगड्याची तऱ्हा, लग्नातली गाणी, उमराच्या पाण्याचा विधी हे सारे याच मातीचे आहे. १६ मे १७३९ रोजी चिमाजी अप्पांशी तह होऊन वसईचा किल्ला मराठ्यांच्या हाती गेला. पोर्तुगीज शिपाई तहाप्रमाणे मानाने बाहेर पडले आणि गलबतांत बसून निघून गेले. मागे राहिली ती गावे, आणि त्या गावांतले शेतकरी, मच्छीमार, मीठ पिकविणारे ख्रिस्ती. श्रद्धा शिपायांबरोबर गेली नाही. ती परक्यांची असती, तर गेली असती.

पण समजा, एखाद्या घराच्या मुळाशी खरोखरच कोणी शिक्षा झालेला शिपाई असला, तर? त्याची लाज वाटावी काय? वसईचे संत गोन्सालो गार्सिया हे पोर्तुगीज शिपायाचे आणि वसईकर मातेचे पुत्र. त्यांचे वडील हद्दपार होते असे सुचविण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. सांगायचे आहे ते वेगळेच. जपानमध्ये या संताचा आणि त्याच्या पंचवीस सोबत्यांचा मृत्यू झाला तो गुन्हेगार म्हणून. त्यांचे कान कापले, गावोगावी धिंड काढली आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर त्यांना क्रुसावर चढविले. ८ जून १८६२ रोजी ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले. राज्याच्या दफ्तरातला गुन्हेगार वेदीवरचा संत झाला. आणि प्रभूबरोबर त्याच दिवशी सुखलोकात गेलेला पहिला माणूस कोण होता, ते आपण दर शुभ शुक्रवारी ऐकतोच.

कैद्याच्या जिवाचा सौदा पोर्तुगीजांबरोबर संपला नाही. पहिल्या महायुद्धात इंग्रजांची फौज मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, अडकली. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत येथे शरण गेलेल्या त्या फौजेत मराठा पलटणींचे शिपाईही होते. सामान वाहायला, रस्ते बांधायला, गोदीत खपायला माणसे कमी पडू लागली, तेव्हा सरकारने हिंदुस्थानातल्या तुरुंगांकडे नजर वळविली. १९१६ ते १९१९ या काळात सुमारे सोळा हजार कैदी कामगार आणि हमाल पलटणी करून तिकडे धाडण्यात आले. चाकरी पूर्ण केली तर उरलेली शिक्षा माफ, ही बोली जुनीच होती. त्यांच्या हाती बंदूक नव्हती, फावडे होते. त्यांच्यावर कोणी चित्रपट काढला नाही.

दुसऱ्या महायुद्धात रशियाने २८ जुलै १९४२च्या हुकुमाने शिक्षेच्या पलटणी उभारल्या. जर्मनांनी डर्लेवांगर नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली गुन्हेगारांची तुकडी केली, आणि १९४४ साली वॉर्सा शहरात तिने निरपराध बायकामुलांची जी कत्तल केली, ती वाचवत नाही. पडद्यावरचे बारा जण शेवटी शूर ठरतात. इतिहासातले सारेच ठरले नाहीत. अगदी अलीकडे, २०२२ साली, रशियातील 'वॅग्नर' या खासगी सैन्याने तुरुंगांत जाऊन कैद्यांना सांगितले, की सहा महिने युक्रेनमध्ये लढा आणि माफी घ्या. लिमोएरोपासून पाचशे वर्षे उलटली आणि बोली बदलली नाही.

यावर दुसरा मार्ग नाही काय? आहे, आणि तोही आपल्याच महाराष्ट्रात सापडतो. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी मॉरिस फ्रिडमन या पोलिश गृहस्थाच्या साहाय्याने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत केली. भिंती नाहीत, बेड्या नाहीत. शेती करायची आणि विश्वासावर राहायचे. त्या प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि १९५७ साली व्ही. शांताराम यांनी 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. सहा खुनी कैदी आणि एक जेलर. कामगिरी तशीच अवघड, पण कोणाला मारण्याची नव्हे. ओसाड माळ पिकविण्याची. बर्लिनच्या १९५८च्या महोत्सवात त्या चित्रपटाला रौप्य अस्वल मिळाले आणि आंतरराष्ट्रीय कॅथोलिक चित्रपट संघटनेचा पुरस्कारही मिळाला, ही गोष्ट आपल्या वाचकांना अभिमानाची वाटावी. दोन्ही चित्रपटांत मोजकेच कैदी आणि एक अधिकारी. एकात अधिकारी म्हणतो, तुमचा जीव तसाही गेलेलाच आहे, तो मला द्या. दुसऱ्यात तो आपलाच जीव त्यांच्यासाठी देतो.

पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली, पोपपदावरील पहिल्याच पवित्र गुरुवारी, रोमच्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन कैद्यांचे पाय धुतले. २६ डिसेंबर २०२४ रोजी ज्युबिली वर्षानिमित्त त्यांनी रेबिबिया तुरुंगात पवित्र द्वार उघडले. २०२५च्या एप्रिलमध्ये ते देवाघरी गेले. पण तुरुंगात उघडलेल्या त्या दाराने जगभरच्या धर्मग्रामांना एक प्रश्न विचारून ठेवला आहे.

तो प्रश्न आम्हांलाही चुकला नाही. काही वर्षांपूर्वी एका चर्चमध्ये मिस्सेच्या वेळी आमच्या मागच्या बाकावर एक तरुण बसला होता. शिक्षा भोगून तो नुकताच परतला होता, हे साऱ्यांना ठाऊक होते. शांतीचे अभिवादन करायची वेळ आली. आम्ही उजवीकडे वळलो, डावीकडे वळलो, हात जोडले, हसलो. मागे वळलो नाही. शेजारचेही वळले नाहीत. त्या रविवारनंतर तो पुन्हा तेथे दिसला नाही. कायद्याने त्याची शिक्षा संपविली होती, आम्ही ती पुढे चालू ठेवली. परक्या किनाऱ्यावर दोन कैदी रडत होते तेव्हा अनोळखी माणसे पुढे झाली. आम्ही तर एकाच वेदीचे भाकरीदार होतो.

परवा पुतण्या पुन्हा आला होता. त्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही या वेळी सविस्तर दिले, हे सारे सांगितले. माशादोच्या मुलांची गोष्ट ऐकून तो बराच वेळ गप्प बसला. खिडकीतून खाली वसाहतीतले दिवे आणि त्यांच्याही पलीकडे खाडीकडचा काळोख दिसत होता. मग तो म्हणाला, "काका, तो मागच्या बाकावरचा मुलगा राहतो कोठे?"

आम्हांला ठाऊक नव्हते. पण विचारून काढता येईल, असे आम्ही त्याला सांगितले आहे, आणि येत्या रविवारी आम्ही दोघे ते विचारायला निघणार आहोत.